लागेल तेवढे, लागेल तेव्हा

(पेडणे व डिचोली तालुक्यांतील ग्रामपंचायतींचे सचिव, ग्रंथपाल, शिक्षक आणि नागरी सेवा केंद्रांचे चालक यांच्या प्रशिक्षण वर्गात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गात मला देण्यात आलेला विषय प्रथमदर्शनी अभियंत्यांचा वाटावा असा आहे. संकेतस्थळाच्या पृष्ठाला चालना देणाऱ्या आज्ञावलीचे, म्हणजे स्क्रिप्टचे, लहान लहान खंड करून ते गरजेप्रमाणे ब्राउझरमध्ये कसे आणले जातात, हा तो विषय होय. मी कला शाखेचा पदवीधर. शासनाची माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम. या कामानेच मला या विषयाकडे वळविले. पूर्वी एखादी सूचना पंचायतीच्या फलकावर लावली की ती वाचणाऱ्याला दिसणार, याविषयी शंका नसे. आज तीच सूचना, तोच अर्ज नागरिकाच्या हातातील मोबाइलच्या पडद्यावर उमटावयाचा असतो. तो तेथे उमटतो की नाही, हे पुष्कळदा या स्क्रिप्टवर अवलंबून असते. म्हणून हा विषय केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही. तो तुमचाही आहे आणि माझाही आहे.

'गोवा ऑनलाइन' या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून विविध खात्यांच्या सेवांसाठी अर्ज करता येतात. जमिनीचा एक-चौदाचा उतारा पाहण्यासाठी आता प्रत्येक वेळी कार्यालयाची पायरी चढावी लागत नाही. ही सोय मोठी आहे, यात संशय नाही. परंतु आपले दोन्ही तालुके राज्याच्या सीमेवरचे, डोंगर-पठारांचे आणि नद्यांनी वेढलेले. मोपच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने ये-जा करू लागली. तथापि दोन डोंगरांच्या मधल्या वाड्यावर मोबाइलचा संकेत आजही येतो आणि जातो. २०२०-२१ च्या टाळेबंदीत गोव्याच्या डोंगराळ गावांतील मुले शाळेचे पाठ ऐकण्यासाठी टेकडीवर जाऊन बसत होती, हे आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. अशा ठिकाणचा नागरिक जेव्हा एखादे शासकीय पृष्ठ उघडतो, तेव्हा त्याच्याकडे काय पाठवावे, किती पाठवावे आणि कोणत्या क्रमाने पाठवावे, हा प्रश्न सोयीचा राहत नाही. तो न्यायाचा होतो.

पृष्ठ येते कसे?

वर्ल्ड वाइड वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत मांडली. तिचे मूळ रूप अगदी साधे होते. आपल्या यंत्रावरील ब्राउझर दूरच्या सर्व्हरकडे एक पृष्ठ मागतो, सर्व्हर ते पाठवितो आणि ब्राउझर ते पडद्यावर मांडतो. आजच्या पृष्ठाचे मुख्यतः तीन घटक असतात. पहिला घटक मजकूर व त्याची रचना. तिची भाषा एचटीएमएल. दुसरा घटक सजावट, म्हणजे रंग, अक्षरांचा आकार, मांडणी. तिची भाषा सीएसएस. तिसरा घटक वर्तन. कळ दाबली की काय व्हावे, अर्जातील रकाना रिकामा राहिला तर कोणती सूचना यावी, नकाशा बोटाने सरकविला की पुढचा भाग कसा दिसावा, हे सांगणाऱ्या आज्ञा जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेल्या असतात. यांनाच आपण स्क्रिप्ट म्हणतो.

ही भाषा नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये सिद्ध केली आणि तिचे पहिले रूप अवघ्या दहा दिवसांत तयार झाले. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. म्हणजे आपल्या देशातील सार्वजनिक इंटरनेट आणि ही भाषा एकाच वयाची आहेत. १९९७ मध्ये एक्मा या मानक संस्थेने या भाषेचे पहिले प्रमाणित रूप प्रसिद्ध केले.

एका स्क्रिप्टपासून शेकडो स्क्रिप्टपर्यंत

आरंभी स्क्रिप्ट म्हणजे पृष्ठाच्या एका कोपऱ्यातील दहा-वीस ओळी असत. परंतु त्यांचा एक गुणधर्म पुढे त्रासदायक ठरला. ब्राउझर पृष्ठ वरून खाली वाचत येतो. वाटेत बाहेरच्या स्क्रिप्टचा उल्लेख आला की तो तेथेच थांबतो, ती स्क्रिप्ट मागवितो, चालवितो आणि मगच पुढचे वाचू लागतो. त्याला असे थांबणे भाग असते, कारण ती स्क्रिप्ट पृष्ठाच्या त्याच जागी नवा मजकूर घालण्याचा संभव असतो. परिणामी, मजकूर तयार असूनही स्क्रिप्ट येईपर्यंत वाचकापुढे कोरा पडदा राहतो. यावर उपाय म्हणून स्क्रिप्ट पृष्ठाच्या शेवटी ठेवण्याचा प्रघात पडला. पुढे स्क्रिप्टच्या उल्लेखासोबत दोन खुणा मिळाल्या. 'डिफर' ही खूण सांगते की स्क्रिप्ट मागवीत राहा, वाचन थांबवू नकोस, आणि पृष्ठ वाचून झाल्यावर स्क्रिप्ट क्रमाने चालव. 'असिंक' ही खूण सांगते की स्क्रिप्ट ज्या क्षणी येईल त्या क्षणी ती चालव; क्रमाची हमी नाही.

२००५ मध्ये गूगलचे नकाशे आले. संपूर्ण पृष्ठ पुन्हा न मागविता त्याचा एखादा भाग बदलता येतो, ही गोष्ट सर्वांच्या नजरेस भरली. तेव्हापासून पृष्ठ हे केवळ वाचावयाचे राहिले नाही. ते वापरावयाचे साधन झाले. साहजिकच स्क्रिप्ट वाढल्या. एकीला दुसरीची गरज, दुसरीला तिसरीची. क्रम चुकला की सारे अडे. शिवाय या सर्व स्क्रिप्ट एकाच मोकळ्या आवारात वावरत असल्याने दोघींनी एकच नाव वापरले तर एक दुसरीचे काम बिघडवी. एका घरात दोन माणसांना एकाच नावाने हाक मारली तर जो घोटाळा होतो, तोच येथे होई.

२००९ साली सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालविणारे नोड हे साधन रायन डाल यांनी पुढे आणले. त्याच सुमारास आज्ञावलीचे स्वतंत्र खंड, म्हणजे मॉड्यूल, करण्याची कॉमनजेएस ही पद्धत रूढ होऊ लागली. मॉड्यूल म्हणजे स्वतःपुरते पूर्ण असे एक दालन. आतले सामान आतच राहते, जे बाहेर द्यावयाचे तेवढेच दारातून दिले जाते आणि जे बाहेरून हवे ते नाव घेऊन मागितले जाते. सर्व्हरवर ही मॉड्यूल हाताशी असलेल्या तबकडीवरून क्षणात वाचता येतात. ब्राउझरची स्थिती निराळी असते, कारण त्याची मॉड्यूल शेकडो कोस दूर असतात. म्हणून ब्राउझरसाठी रिक्वायरजेएससारख्या साधनांनी वेगळी रीत काढली. काय काय हवे ते आधी सांगावे, ते आणले जाईल आणि सर्व आल्यावर काम सुरू होईल. याच्या जोडीला दुसरी एक प्रथा बळावली. सर्व खंड आधीच एकत्र बांधून त्यांचे एक मोठे गाठोडे करावयाचे आणि तेच पाठवावयाचे. क्रमाची चिंता मिटली, पण गाठोडे दिवसेंदिवस जड होत गेले. एक साधी सूचना वाचण्यास आलेल्या माणसाच्या डोक्यावर सबंध कार्यालयाचे सामान चढविण्यासारखे हे झाले.

प्रमाणित मार्ग

२०१५ मध्ये भाषेच्या प्रमाणित आवृत्तीतच मॉड्यूलची व्यवस्था आली. 'एक्स्पोर्ट' म्हणजे दारातून देणे आणि 'इम्पोर्ट' म्हणजे मागून घेणे. प्रमुख ब्राउझरांनी २०१७ व २०१८ मध्ये ती अंगीकारली. या व्यवस्थेत मॉड्यूलच्या आरंभी ज्यांची नावे दिलेली असतात, ती सर्व मॉड्यूल ब्राउझर आधी मागवून घेतो, त्यांची परस्परांतील नाती जुळवितो आणि मगच काम सुरू करतो. ही झाली स्थिर पद्धत. जे नक्की लागणार आहे, त्यासाठी ती उत्तम होय.

पण सारेच नक्की लागणार असते असे नाही. अर्ज भरणाऱ्या शंभर जणांपैकी नकाशा उघडणारे थोडे असतात. पृष्ठ मराठी, कोकणी व इंग्रजी अशा तीन भाषांत उपलब्ध असले तरी एका वेळी एक माणूस एकच भाषा वाचतो. अशा वेळी उपयोगी पडते ती मागणीनुसार आणण्याची, म्हणजे गतिमान इम्पोर्टची पद्धत. तिच्यात मॉड्यूलचे नाव आरंभी न लिहिता, काम चालू असताना ज्या क्षणी गरज पडेल त्या क्षणी त्याचा पत्ता देऊन ते मागविले जाते. क्रोममध्ये ही सोय २०१७ अखेर आली, सफारीत २०१८ मध्ये आणि फायरफॉक्समध्ये २०१९ मध्ये. २०२० च्या प्रमाणित आवृत्तीत तिला अधिकृत स्थान मिळाले.

दशावताराचा रंगमंच

पेडणे महालातील माणसाला ही पद्धत समजावून सांगण्यासाठी परदेशी उदाहरण शोधण्याचे कारण नाही. आपला दशावतार डोळ्यांपुढे आणावा. रंगमंचावर सामान ते किती? एक बाक, तोच सिंहासन, तोच पर्वत, तोच पलंग. हार्मोनियम, मृदंग आणि झांज यांची साथ. आरंभीच्या आडदशावतारात गणपती, सरस्वती, संकासुर ही ठरलेली पात्रे ठरलेल्या क्रमाने येतात. ती स्थिर पद्धत म्हणावी. मग आख्यान सुरू होते. त्यात लागणारी पात्रे प्रथमपासून रंगमंचावर गर्दी करून उभी राहत नाहीत. त्यांची वस्त्रे पेटाऱ्यात असतात, रंग आत चढत असतो आणि कथेने हाक दिली की ती प्रवेश करतात. ज्या रात्रीच्या कथेत राक्षस नाही, त्या रात्री राक्षसाचा वेश पेटाऱ्यातून निघतच नाही. लागेल तेवढे, लागेल तेव्हा, हे या कलेचे सूत्र आहे आणि तेच गतिमान इम्पोर्टचेही सूत्र आहे.

या तुलनेत आणखी एक मर्म आहे. एकदा प्रवेश केलेले पात्र दुसऱ्या प्रसंगासाठी पुन्हा नव्याने वेश चढवीत नाही. त्याचप्रमाणे एकदा आलेले मॉड्यूल त्या पृष्ठापुरते ब्राउझरच्या नोंदवहीत राहते. कोणीही ते पुन्हा मागितले तरी तेच दिले जाते, ते दुसऱ्यांदा आणले किंवा चालविले जात नाही.

हिशेब काय सांगतो?

बचत किती होते, हे साध्या हिशेबाने पाहू. समजा, एका पृष्ठाचे सारे गाठोडे २ मेगाबाइटचे आहे आणि डोंगराआडच्या मोबाइलला सेकंदाला २०० किलोबिट इतकाच वेग मिळतो आहे. २ मेगाबाइट म्हणजे सुमारे १६,००० किलोबिट. ते येण्यास ८० सेकंद लागतील. त्याऐवजी अर्जापुरते लागणारे २०० किलोबाइट प्रथम पाठविले, तर तेच काम ८ सेकंदांत होईल. ८० सेकंद पडद्याकडे पाहत बसणारा माणूस पृष्ठ बंद करतो आणि पुन्हा उघडतो. मग मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ८ सेकंद मात्र तो थांबतो.

शिवाय स्क्रिप्ट येऊन पोहोचली म्हणजे काम संपले असे होत नाही. छायाचित्र आले की ते दाखवावयाचे एवढेच उरते. स्क्रिप्ट मात्र ब्राउझरला वाचावी लागते, यंत्राला समजेल अशा रूपात आणावी लागते आणि चालवावी लागते. महागड्या फोनवर हे क्षणात होते. स्वस्त किंवा जुन्या फोनवर त्याला कितीतरी अधिक वेळ लागतो. म्हणजे जड गाठोड्याचा भार ज्याच्याकडे साधे यंत्र आहे, त्यालाच दुप्पट सोसावा लागतो.

आपल्या लिपीच्या बाबतीतही हेच तत्त्व उपयोगी पडते. एके काळी मराठी संकेतस्थळे आपापले वेगळे टंक वाचकाच्या यंत्रावर उतरवीत. तो टंक न आल्यास मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोडने प्रत्येक अक्षराला निश्चित क्रमांक दिला आणि ती अडचण दूर झाली. तरीही जोडाक्षरांमुळे देवनागरीचा टंक रोमनपेक्षा जड राहतो. आता टंकाचे भाग करून प्रत्येक भाग कोणत्या अक्षरांसाठी आहे हे लिहून ठेवता येते. त्या अक्षरांपैकी एखादे पृष्ठात आले तरच ब्राउझर तो भाग मागवितो. केवळ इंग्रजी वाचणाऱ्यावर देवनागरीचा भार नाही आणि मराठी वाचणाऱ्यावर अनावश्यक अक्षरांचा भार नाही.

वचन आणि वचनभंग

येथवर गुण सांगितले. आता दोष सांगितले पाहिजेत, कारण आपल्या भागात ते अधिक जाणवतात.

गतिमान इम्पोर्टची मागणी केली की ब्राउझर लगेच मॉड्यूल हाती देत नाही. तो 'प्रॉमिस' देतो. हा शब्द संगणकशास्त्रातील असला तरी त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक असलेलाच आहे. ते वचन असते. मॉड्यूल आले तर वचन पुरे होते. वाटेत संपर्क तुटला तर वचनभंग होतो. वचनभंग झाल्यास काय करावे, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने आधी ठरवून ठेवले नसेल, तर नागरिकाला काहीच कळत नाही. त्याने नाव लिहिले, पत्ता लिहिला, दाखल्याची प्रत जोडण्यासाठी कळ दाबली आणि कळ मुकाट राहिली. चूक आपलीच झाली असे त्याला वाटते. दुसऱ्या दिवशी रोजगार बुडवून तो कार्यालयात येतो. अर्जाची मुदत त्या रात्री संपत असेल, तर येऊनही उपयोग नसतो. गरजेप्रमाणे आणण्याच्या पद्धतीतील खरा धोका हा आहे. गाठोडे जड असले तरी एकदा आले म्हणजे आले. तुकड्यांत मात्र शेवटच्या क्षणी एखादा तुकडा न येण्याचा संभव राहतो.

दुसरा दोष फेऱ्यांचा. केरीहून तेरेखोलला किंवा नार्वेहून दिवाडीला फेरीबोटीने जाणाऱ्याला हा लगेच ध्यानात येईल. पलीकडे गेल्यावर एक वस्तू विसरल्याचे आठवले, ती आणण्यास परत आलो. पुन्हा पलीकडे गेल्यावर दुसरी आठवली. नदी रुंद नाही, पण प्रत्येक वेळी बोटीची वाट पाहावी लागते. एका मॉड्यूलला दुसरे हवे, हे पहिले आल्यावरच कळते. दुसऱ्याला तिसरे हवे, हे दुसरे आल्यावर. प्रत्येक शोधासाठी सर्व्हरपर्यंत एक फेरी. म्हणून फार लहान तुकडे करणेही हिताचे नाही. पुढे काय लागणार हे ठाऊक असेल, तर ब्राउझरला आधीच सूचना देऊन ती मॉड्यूल एकाच खेपेत मागविण्याची सोय उपलब्ध आहे. तिचा उपयोग करावा.

तिसरा दोष नव्या आवृत्तीचा. संकेतस्थळात सुधारणा झाली की फायलींची नावे बहुधा बदलतात आणि जुन्या फायली काढून टाकल्या जातात. पण एखाद्याने सकाळी उघडलेले पृष्ठ दुपारपर्यंत तसेच ठेवले असेल, तर ते जुन्याच नावाने मॉड्यूल मागते. सर्व्हर सांगतो, अशी फाईल नाही. सेवा केंद्रांत दिवसभर एकच पृष्ठ उघडे असते, म्हणून केंद्रचालकांना याचा अनुभव येण्याचा संभव अधिक. उपाय सोपा आहे. नवी आवृत्ती चढविल्यावर जुन्या फायली काही काळ तशाच राहू द्याव्यात, आणि केंद्रचालकांनी अडचण आल्यास भरलेला मजकूर जतन करून पृष्ठ नव्याने उघडावे.

परक्या हाती किल्ली

चौथी गोष्ट सुरक्षिततेची. बाहेरून आणलेली स्क्रिप्ट पृष्ठात आली की पृष्ठाचे सर्व अधिकार तिला मिळतात. नागरिकाने लिहिलेले नाव, क्रमांक, पत्ता ती वाचू शकते. त्याला दुसऱ्याच ठिकाणी नेऊ शकते. २०२४ मधील पॉलिफिल प्रकरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. जुन्या ब्राउझरांना नव्या सोयी पुरविणारी एक विनामूल्य स्क्रिप्ट जगातील एक लाखाहून अधिक संकेतस्थळे एका ठरावीक पत्त्यावरून घेत होती. त्या वर्षाच्या आरंभी तो पत्ता दुसऱ्या कंपनीच्या हाती गेला. जूनमध्ये असे उघडकीस आले की, त्या स्क्रिप्टमधून मोबाइलवरील काही वाचकांना भलत्याच संकेतस्थळांकडे वळविले जात होते. संकेतस्थळांच्या मालकांनी स्वतःचे एक अक्षरही बदलले नव्हते. घर त्यांचे होते, पण किल्ली परक्या हाती होती.

म्हणून शासकीय पृष्ठांनी आपली मॉड्यूल शक्यतो आपल्याच सर्व्हरवर ठेवावीत. कोणत्या पत्त्यांवरून आलेली स्क्रिप्ट स्वीकारावी, याची यादी सर्व्हर ब्राउझरला देऊ शकतो; ती अवश्य द्यावी. बाहेरून काही आणणे अपरिहार्यच असेल, तर त्या फाईलची ओळख पटविणारी खूण पृष्ठात नोंदविता येते. फाईल बदलली की खूण जुळत नाही आणि ब्राउझर ती चालविण्याचे नाकारतो.

आधी अक्षर, मग अलंकार

या सर्व विवेचनातून एक प्रश्न उरतो. नागरिकाच्या हाती सर्वांत आधी काय पडले पाहिजे?

ब्रिटनच्या शासकीय डिजिटल सेवेने २०१३ मध्ये एक उपयुक्त मोजणी केली. आपल्या मुख्य पृष्ठाला भेट देणाऱ्या किती जणांपर्यंत स्क्रिप्ट पोहोचत नाही, हे पाच लाखांहून अधिक भेटींवरून त्यांनी तपासले. उत्तर आले १.१ टक्का, म्हणजे सुमारे ९३ जणांत एक. ज्यांनी जावास्क्रिप्ट मुद्दाम बंद ठेवली होती किंवा ज्यांच्या ब्राउझरमध्ये ती नव्हती, असे लोक केवळ ०.२ टक्का होते. उरलेल्या ०.९ टक्क्याच्या ब्राउझरमध्ये सोय होती, तरीही स्क्रिप्ट पोहोचली नाही. दोष त्यांच्या यंत्राचा नव्हे. बहुधा वाटेचा होता. ही मोजणी ज्या देशात झाली, तेथील दळणवळण चांगले होते, हेही लक्षात ठेवावे. ९३ जणांत एक हा आकडा लहान वाटेल. पण दुकानाला एक गिऱ्हाईक सोडून देता येते, शासनाला एक नागरिक सोडून देता येत नाही. दाखला देणारे दुसरे दुकान त्याला गावात सापडणार नाही.

यातून निघणारा नियम सरळ आहे. सूचनेचा मजकूर, अर्जाचे रकाने आणि अर्ज पाठविण्याची कळ या गोष्टी साध्या एचटीएमएलमध्ये, स्क्रिप्टविना चालतील अशा असाव्यात. रकाना तपासणे, नकाशा दाखविणे, आलेख काढणे, दुसऱ्या भाषेचा मजकूर आणणे ही कामे मागणीनुसार येणाऱ्या मॉड्यूलवर सोपवावीत. ती आली तर काम सुकर होईल. न आली तरी काम अडू नये. दशावतारात विजेचे दिवे, ध्वनिक्षेपक आले ते चांगलेच झाले. पण वीज गेली म्हणून आख्यान थांबू नये. भारतीय शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये प्रथम निघालेल्या आणि २०२३ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचा भरही संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यावरच आहे. १९८७ च्या राजभाषा अधिनियमाने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामात मराठीच्या वापराचीही तरतूद केली. या भाषांतील मजकूर केवळ उशिरा येणाऱ्या मॉड्यूलवर टांगलेला असेल, तर कायद्याने दिलेली भाषा संपर्काअभावी हिरावली जाईल. निवडलेल्या भाषेचे पृष्ठ सर्व्हरनेच मजकुरासह पाठवावे. भाषा बदलण्याची सोय मग खुशाल मॉड्यूलने करावी.

आपले कर्तव्य

आपल्यापैकी फार थोडे जण आज्ञावली लिहितील. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या सूचनेवरून संकेतस्थळे तयार होतात, त्यांची देयके मंजूर होतात आणि त्यांवरील अडचणी लोक आपल्यालाच सांगतात. म्हणून काम देताना आणि ते स्वीकारताना आपण काही प्रश्न अवश्य विचारावेत. पृष्ठ प्रथम उघडताना किती किलोबाइट येतात? कोणती मॉड्यूल आरंभी येतात आणि कोणती मागणीनुसार? एखादे मॉड्यूल आले नाही, तर नागरिकाला त्याच्या भाषेत काय सांगितले जाते, आणि त्याने भरलेला मजकूर शाबूत राहतो काय? सर्व मॉड्यूल आपल्याच सर्व्हरवरून येतात काय? स्क्रिप्ट मुळीच आली नाही, तर अर्ज भरता येतो काय? या प्रश्नांची उत्तरे समजण्यास शास्त्राची पदवी लागत नाही.

चाचणीच्या बाबतीतही एक आग्रह धरावा. पणजीच्या कार्यालयातील वेगवान जोडणीवर आणि नव्या संगणकावर पृष्ठ उघडले म्हणजे ते सिद्ध झाले असे मानू नये. ते साळ, लाटंबार्से, इब्रामपूर किंवा तेरेखोल येथे, साध्या मोबाइलवर, पावसाळ्यातील एखाद्या संध्याकाळी उघडून पाहावे. अर्ध्या वाटेत मुद्दाम संपर्क तोडून पाहावा. तेथे जे पृष्ठ टिकेल, ते सर्वत्र टिकेल. आणि केंद्रचालक मित्रांना माझी विनंती अशी की, पृष्ठ अडले तर केवळ 'साइट चालत नाही' असे कळवू नये. कोणते पृष्ठ, कोणती कळ, किती वाजता, पडद्यावर कोणते शब्द आले, हे चार तपशील लिहून कळवावेत. दोष शोधणाऱ्याचे अर्धे काम त्यातच होते.

मित्रहो, गरजेपुरते घ्यावे आणि वेळेवर आणावे, ही काटकसर आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. आगोटीचे सामान भरताना गृहिणी पावसाळ्यात काय लागेल याचा विचार करते. तांदूळ आणि मीठ आधी, बाकीचे मागाहून. तांदूळ मात्र ती कधी मागाहून येणाऱ्या बोटीवर सोडीत नाही. संकेतस्थळांची रचना करणाऱ्यांनी हाच विवेक ठेवावा आणि आपण तो त्यांना ठेवावयास लावावा. जे जिवाभावाचे आहे ते आरंभीच नागरिकाच्या हाती द्यावे. उरलेले त्याने मागताच न चुकता पोहोचवावे. तसे झाले, तर सीमेवरच्या वाड्यात बसलेल्या माणसालाही राजधानीतील माणसाइतकाच शासनाचा लाभ घेता येईल.